कासमादीचा दगड

"लाकडावरचं नाव वाळवी खाते, तुमिनाह. हजाराव्या दिवशी दगड लाव. लहान चालेल, ओबडधोबड चालेल, पण नाव असू दे. आणि लावशील तेव्हा स्वतःच्या हाताने लाव."

जाण्याआधी आठ दिवस नवऱ्याने सांगितलं होतं. तेव्हापासून पहाटेची नमाज आटोपून, चूल पेटवून तुमिनाह पाट्याशी बसली, की वरवंट्याच्या पहिल्या घासणीबरोबर ते शब्द कानात यायचे. "लावीन," असं ती तेव्हा म्हणाली होती. नंतरही रोज मनात म्हणायची आणि ओली हळद पुढे ओढायची.

नवरा गावाच्या कबरी खोदायचा. एकतीस वर्षं खोदल्या. रमजानच्या आदल्या महिन्यात लोक आपापल्या माणसांच्या कबरी झाडायला यायचे आणि गवतात गोंधळून उभे राहायचे. लाकडी पाट्या कुजून गेलेल्या असायच्या. "आमचे वडील यांतले कुठले हो?" मग तो फावडं टेकवून बोट दाखवायचा, "हे." कधी चुकला नाही. सगळं कबरस्तान त्याच्या डोक्यात होतं. पण बोट दाखवणाराच मातीखाली गेला, की त्याला कोण दाखवणार, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार होतं?

उद्या शनिवारी हजार दिवस पुरे होत होते. मुलगी लास्त्री राजधानीजवळ बुटांच्या कारखान्यात होती. तिने फोनवरून काळा ग्रॅनाइट मागवला होता. पाटीएवढा, वर नाव कोरलेला. दगडसुद्धा फोनवर मिळतो, याचं तुमिनाहला चार दिवस नवल वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी बाटल्या भरता भरताच फोन वाजला.

"आई, कसा आहे गं दगड? अक्षरं सरळ आलीत ना?"

"आलाय कुठं अजून?"

"असं काय करतेस! काल संध्याकाळीच पोचला म्हणून आलंय मला. फोटोसुद्धा आहे. थांब, पाठवते."

फोटोत एक खोकं होतं. खाली हिरव्या चकचकीत फरशा होत्या, बाजूला पारव्याच्या पिंजऱ्याची सावली. अख्ख्या गल्लीत तसल्या फरशा एकाच ओसरीला होत्या.

"लास्त्री, खोक्यावर नाव कुणाचं घातलंस?"

"बाबांचं." लास्त्री म्हणाली. "म्हटलं, बाबांच्या नावानं जन्मात कधी काही आलं नाही घरी. एकदा तरी येऊ दे."

तुमिनाहने फोन ठेवला. लास्त्रीच्या बापाचं नाव कासमादी. पण या गल्लीत ते ठाऊक कुणाला होतं? लोक त्याला कबरवाले म्हणत आणि तिला जामूवाली बू, म्हणजे बाई. हळद, चिंच, आलं यांचा जामू नावाचा काढा ती पाठीवरच्या टोपलीतून दारोदार विकायची, म्हणून. गल्लीत कासमादी म्हटलं की ते भाताच्या गिरणीचे मालक हाजी कासमादी. हिरव्या फरशा त्यांच्याच. गल्ली त्यांना मानाने पाक हाजी म्हणे आणि त्यांच्या बायकोला बू हाजी.

तिने टोपली पाठीला बांधली आणि निघाली.

नवरा गेल्यापासून तिचा एक नेम होता. दिवसाचा पहिला पेला विकायचा नाही. वाटेत जो पहिला भेटेल त्याला तो नवऱ्याच्या नावाने द्यायचा, मग तो भिकारी असो की फौजदार. सोमवार-गुरुवारचे उपास ती धरायची तसंच हेही. नऊशे नव्याण्णव दिवसांत खंड पडला नव्हता.

त्या सकाळी तिला पहिले भेटले ते खुद्द हाजी कासमादी. आपल्याच फाटकात उभे होते. डोळे लाल, डोक्याला पट्टी. फाटकाच्या उंबऱ्यावर मिठाची जाड रेघ ओढलेली होती.

नेम तो नेम. तिने टोपली उतरवली, पेला भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"घ्या पाक हाजी. आजचा पहिला आहे."

हाजींनी पेला घेतला, पिवळ्या रसाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि सगळा पेला गटारात उपडा केला.

"काल केलंस त्याने पोट भरलं नाही वाटतं तुझं? आता पाजायलाही आलीस?"

आतून बू हाजी धावत आल्या. मागून त्यांचा भाऊ वहाब. हातात अजून घण.

"हीच का ती?" वहाब म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं, मुळ्या-पाल्याचं ज्ञान असणाऱ्या माणसाचंच हे काम म्हणून?"

"बाई, रेघेच्या आत पाऊल टाकू नकोस हं," बू हाजी म्हणाल्या. "रात्रभर यांचं ब्लडप्रेशर उतरलं नाही."

तुमिनाहला सगळं एकदम कळलं. पाच दिवसांच्या जुन्या आठवड्यातला क्लिवोन वार आज शुक्रवारी आला होता. असा शुक्रवार असला, की आदल्या संध्याकाळपासून गाव दारं लावून घेतं. करणी करणारे तीच वेळ धरतात म्हणतात. आणि नेमक्या त्या वेळी हाजींच्या ओसरीवर कबरीचा दगड येऊन पडला होता, त्यावर त्यांचं नाव.

"तो दगड माझा आहे," ती हळूच म्हणाली. "माझ्या मालकांच्या कबरीचा. त्यांचं नाव कासमादी."

"गल्लीत कासमादी एकच," हाजी म्हणाले.

"नावाखाली त्यांच्या वडिलांचं नाव होतं. त्याखाली तारीख होती. पावणेतीन वर्षांपूर्वीची."

"तारीख कोण वाचतंय!" हाजींचा आवाज चिरकला. "स्वतःचं नाव कबरीच्या दगडावर बघ एकदा. मग सांग मला, पुढचं वाचायला डोळे जागेवर राहतात का."

ते खोटं बोलत नव्हते. तुमिनाहला त्यांची दयाच आली.

"पाक हाजी, तुमच्या आई गेल्या तेव्हा पाऊस होता. पाणी साठत होतं म्हणून तीन वेळा खड्डा उपसून ज्यांनी कबर खोदली ना, ते कासमादी. तुम्ही नाव विचारलं नाहीत, त्यांनी सांगितलं नाही."

"म्हणजे माझ्या नावाचा माणूस गावच्या कबरी खोदत होता, असं म्हणायचंय तुला?"

शेजारी जमले होते, त्यांतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू हाजींना करणीपेक्षा जास्त झोंबलं असावं. ते पाठ फिरवून आत गेले.

"दगड तेवढा द्या," तुमिनाह म्हणाली. "उद्या हजारावा दिवस आहे."

वहाबने घण भिंतीला टेकवला. "दगड कालव्यात. घण घालून घालून चुरा केला, मीठ टाकलं आणि पुलावरून सोडला. वरून पाणीही भरपूर सोडलंय सध्या. समुद्रात जाऊन शोध."

ती टोपली उचलून वळली. गल्लीच्या कोपऱ्यावर बू हाजींनी तिला गाठलं. धापा टाकत होत्या. हातात लिफाफा होता.

"हे घे. नवीन कर. चांगला मोठा कर, संगमरवरी कर. यांना सांगू नकोस."

"नवीन यायला आठ दिवस लागतील, बू हाजी."

"लागू देत की. मेलेल्या माणसाला कसली घाई? फक्त एक कर, नाव तेवढं ते घालू नकोस. हे रोज त्या रस्त्याने गिरणीवर जातात. 'कबरवाले' असं घाल ना! सगळे त्यांना त्याच नावानं ओळखतात. उलट जास्त लोकांना कळेल."

बू हाजी मनापासून बोलत होत्या. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं, आणि तेच तुमिनाहला घशाखाली उतरेना. तिने लिफाफा दोन्ही हातांनी परत त्यांच्या हातात ठेवला, मान झुकवली आणि पुढे गेली.

त्या दिवशी गल्लीत कुणालाच जामू नको होता. एकीला हळद उष्ण पडत होती, दुसरीच्या पोटात कालपासून कसंतरी होत होतं. रोज दोन पेले पिणाऱ्या शिंपिणीने तर दाराआडूनच सांगितलं, "आज उपास आहे गं माझा." एकट्या शुक्रवारचा उपास धरत नाहीत, हे तुमिनाहला शिकवायची गरज नव्हती. ती म्हणाली, "अल्ला कबूल करो," आणि भरल्या बाटल्या घेऊन घरी आली.

दुपारच्या जुम्म्याच्या नमाजनंतर दारात मोटारसायकल थांबली. पार्सल वाटणारा रोहमत. चाळिशी उलटलेला, कापडगिरणी बंद पडल्यावर या कामाला लागलेला. हेल्मेट काढून अंगणातच उभा राहिला.

"बू, तुमच्या मुलीने तक्रार टाकलीय."

"हो."

"कंपनी म्हणते, नाव जुळलं, फोटो आहे, माल पोचला. तुम्हाला काही मिळायचं नाही त्यातून. पण माझ्या नावापुढं लाल खूण पडली. आधीच्या दोन आहेत. तीन झाल्या की गाडी जमा करायला सांगतात." त्याने घाम पुसला. "मी सात जणांना विचारलं, बू. कासमादी कुठं राहतात? सातही जणांनी हिरव्या फरशांकडेच बोट दाखवलं."

"मी काल संध्याकाळी दारातल्या पेरूखाली बसले होते. मला का नाही विचारलंत?"

रोहमतने मान खाली घातली. "पाहिलं होतं तुम्हाला. पण पार्सल पुरुषाच्या नावाचं. म्हटलं, जामूवाल्या बाईला काय ठाऊक असणार."

तुमिनाहने त्याच्या धुळीने भरलेल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "कुठं दाबायचं?"

"काय?"

"तक्रार मागे घ्यायची तर कुठं दाबायचं? लास्त्रीला मी सांगते."

त्याने तिच्याच फोनवर लास्त्रीने पाठवलेलं ऑर्डरचं पान उघडून दिलं. "इथं. 'माल मिळाला.'"

हळदीने पिवळ्या पडलेल्या अंगठ्याने तिने दाबलं. काच पिवळी झाली, ती तिने पदराने पुसली.

"बसा. आजचा पहिला पेला अजून कुणी प्यायलेला नाही."

रोहमत उंबऱ्यावर बसला आणि एका दमात पेला प्यायला. रिकामा पेला हातात तसाच धरून म्हणाला, "कडू आहे."

"आज गूळ घालायला विसरले," तुमिनाह म्हणाली.

चार वाजता हजाराव्या दिवसाची दुआ होती; ती आदल्या दिवशीच करायची रीत. तिने आठवडाभर आधी घरोघरी जाऊन सांगितलं होतं. चटया अंथरल्या, तांदळाच्या आपमचा ढीग केळीच्या पानांवर रचला. मशिदीचे म्हातारे झाडूवाले म्बाह सुरो आले. रोहमत आपली उरलेली पार्सलं वाटून आला. बाकी चटयांवर ऊन सरकत राहिलं. दोघांच्या आवाजात दुआ झाली. शेवटी मृताचं नाव घ्यायची वेळ आली, तेव्हा म्बाह सुरो अडखळले.

"बाई, कबरवाल्यांचं नाव काय होतं गं?"

"कासमादी. कासमादी, बाप क्रोमो."

"असं होय," म्हातारा म्हणाला. "हाजींचंच की." आणि त्यांनी ते नाव घेतलं.

दोघे गेल्यावर तिने आपम झाकून ठेवले आणि पाट्याशी येऊन बसली. लग्नाच्या वर्षी नवऱ्याने मेरापी डोंगराखालून काळा दगड डोक्यावर वाहून आणला होता आणि महिनाभर ठोकत बसून हा पाटा घडवला होता. चौतीस वर्षं तिने त्यावर हळद वाटली. मध्ये खोलगट झाला होता, आणि पिवळेपणा आत मुरला होता. कितीही घासा, निघायचा नाही. उद्यापासून त्यावर वाटलेलं पिणार कोण, हा प्रश्न होताच. पाटाच उरला नाही, की तो प्रश्नही उरणार नव्हता.

तिने पाटा उलटा केला नाही. नाव कोरायला वरची घासलेली बाजूच घेतली.

कपाटातून कुटुंबाचा सरकारी कागद काढून समोर ठेवला. पहिल्या ओळीत त्याचं नाव छापलेलं होतं. तिची शाळा चौथीपर्यंतच, तेव्हा शिकलेलंही कधीच विसरलेलं. ती वाचत नव्हती, एकेक अक्षर पाहून उतरवत होती. नवऱ्याच्या पेटीत पाट्याला टाकी घालायची त्याची छिन्नी होती, हातोडी होती. पहिला घाव निसटला आणि बोटावर बसला. दुसरा लागला. अंगणात उजेड होता तोवर ती ठोकत राहिली. शेजारच्या भिंतीपलीकडे कुणीतरी विचारलं, "काय चाललंय गं जामूवालीकडे?" दुसरं कुणी म्हणालं, "जाऊ दे, तिकडं बघू नकोस."

अक्षरं उथळ आली, शेवटची दोन खाली घसरली. पण नाव होतं, आणि हळदीच्या पिवळ्या दगडात वरचे घाव पांढरे दिसत होते.

शनिवारी पहाटे नमाज झाली. तिने पाटा धुतला, पुसला आणि रोजच्याच पट्ट्यापट्ट्यांच्या उपरण्यात गुंडाळून पाठीला बांधला, जिथे टोपली असायची तिथे. गाठ दोनदा ओढून पाहिली. एका हातात नवऱ्याचं फावडं घेतलं, दुसऱ्यात एक बाटली आणि एक पेला.

गल्ली अजून झोपेत होती. हाजींच्या फाटकाशी मिठाची रेघ दवाने ओलसर झाली होती, मध्ये कुठेकुठे विरघळून रस्त्यावर आली होती. तुमिनाह थांबली. पाठीवरचं ओझं सावरून तिने आपलं जुनं लुगडं थोडं वर उचललं, आपला पाय त्यावर पडू नये म्हणून कडेकडेने वळसा घातला, आणि कबरस्तानाच्या वाटेला लागली.