रखमाजीच्या मशीनवरचं कुंकू

बारा दिवस मी त्या मशीनला रॉकेलनं अंघोळ घातली, आणि शेवटी ती माझ्यावरच उलटली. ही गोष्ट मी कुणाला सांगत न्हाई. सांगितली की लोक विचारतात, "फिटर ना तुमी?" व्हतो की. पुण्यात सतरा वर्षं व्हतो. कंपनीला कुलूप लागलं तसा महाळुंग्याला परत आलो आणि तीन वर्षं लोकांचे बटाटे काढले. गावात आधी 'हनुमंत फिटर' म्हणायचे, मग नुसतं "हनुमंता, येतो का उद्या?" व्हायला लागलं. त्या 'येतो का'नं माझं टाळकं लई सरकायचं, पण जायचो. न जाऊन सांगतो कुणाला?

अशात जुन्नरच्या दलीचंद शेठनं निरोप धाडला. त्यांची लाकडाची वखार. मागच्या पडवीत एक विलायती सँडिंग मशीन दहा वर्षं गोणपाटाखाली पडून व्हती. तिच्या एका अंगाला पॉलिश पेपरचा रुंद पट्टा दोन रुळांवर फिरतो, त्यावर फळ्या गुळगुळीत करायच्या. दुसऱ्या अंगाला तसल्याच कागदाची तबकडी, तिच्यावर कडा घासायच्या. रखमाजी मिस्त्री ती चालवायचा. तो वारला आणि मशीनही निजली.

शेठ म्हणाले, "हनुमंतराव, एका शाळेच्या दारांचं मोठं काम घेतलंय. पुढच्या शनिवारपर्यंत ही चालली तर ही राहील आणि तुम्हीही राहाल, कायम. नाहीतर पुण्याहून नवी येईल, तिच्याबरोबर तिचा माणूस येईल."

'कायम' हा शब्द मी घरी केशरबाईला तीनदा सांगितला. ती म्हणाली, "आधी चालू तर होऊ द्या." पण माळ्यावरची माझी हत्यारांची पेटी तिनंच उतरवली, पुसली, आणि सकाळी एसटीत माझ्या मांडीवर ठेवून गेली.

मशीनची दशा इचारू नका. बेअरिंग जाम, रूळ गंजलेले, स्प्रिंगमध्ये उंदराचं घर. मी एकेक नट सोडवला. घासून, ग्रीस भरून, नवी बेअरिंगं ठोकून पुन्हा उभी केली. पट्ट्याचं माप बाजारात मिळेना म्हणून पुण्याहून एकच पट्टा बनवून आणला, त्यात आठ दिवस गेले. त्या दिवसांत मला रात्री झोप छान लागायची. हाताला ऑइलचा वास यायचा आणि वखारीतली माणसं मला फिटर म्हणायची.

एकच जागा मी सोडली. पट्ट्याच्या लोखंडी झाकणावर तळहाताएवढा कुंकवाचा थर व्हता. दसऱ्याच्या पूजेचा, वर्षानुवर्षांचा, तेल पिऊन पार दगड झालेला.

का सोडली ते सांगतो. माझा बाप इंजिनं दुरुस्त करायचा. आणे गावात एकाच्या इंजिनवरचं कुंकू त्यानं बोळ्यानं पुसलं, कारण खाली नट व्हता. इंजिन चालू झालं, आणि दुसऱ्या दिवशी मालकानं ते गोमूत्रानं धुवून घेतलं. छप्पन सालीच आमच्या घरानं देव सोडले व्हते, पण लोकांनी आमाला सोडलं नव्हतं. बाप पुन्हा आण्याला गेला न्हाई. तेव्हाच मी ठरवलं, तुमचं कुंकू तुमच्यापाशी. माझं बोट लागणार न्हाई आणि तुमाला बोलायला जागा मिळणार न्हाई.

आता खरं सांगायचं तर मला ठाऊक व्हतं. असल्या मशीनवर कुठंतरी बाण ओतलेला असतो, कोणत्या दिशेनं फिरवायची त्याचा. सगळं खरवडलं, बाण दिसला न्हाई. उरली ती तेवढीच जागा. तीन वायरींतल्या दोन अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते, हे विहिरीवर मोटर बसवणाराही जाणतो. सुलट कोणतं आणि उलट कोणतं, तेवढं कळायला हवं व्हतं. बिनपट्ट्याची दोन्हीकडं फिरवून पाहिली, दोन्हीकडं गोड फिरली. मी अंदाज केला. सतरा वर्षांचा फिटर, आणि अंदाज केला.

शनिवारी चार वाजता लाईट आली. शेठ व्हते, शाळेची दोन माणसं व्हती. पट्टा चढवून बटण दाबलं. आवाज असा गोड आला की शेठ हसले. मग पट्टा हळूहळू कडेला सरकू लागला. त्याला मधे आणायचा स्क्रू असतो, तो मी पिळला. पट्टा आणखी बाहेर गेला. तिथंच बंद करायला हवी व्हती. पण शाळेचा माणूस म्हणाला, "फळी लावा की," आणि शेठ माझ्याकडं बघत व्हते. मी फळी लावली. मशीननं ती हातातून हिसकून भिंतीवर फेकली, पट्टा झाकणात घुसला आणि फाटला. चिंध्या झाल्या.

मी पटाशी घेतली आणि ते कुंकू खरवडलं. आता कसली भीती? चार टवके उडाले आणि खाली बाण निघाला. मी फिरवली त्याच्या बरोब्बर उलट.

"आधी का नाही काढलं?" शेठ म्हणाले.

"काढलं असतं तर तुमी काय म्हणाला असता?"

आवाज ऐकून शेठच्या घरच्या, मंगलाबाई, पडवीत आल्या व्हत्या. त्या म्हणाल्या, "काही नसते म्हणाले, भाऊ. रखमाजी तर दर दसऱ्याला गरम पाण्यानं जुनं सगळं धुवायचा, मग नवं लावायचा. तो गेल्यापासून मी आपली वरच्या वर लावते. खाली काय आहे, मला काय ठाऊक? तुम्ही विचारायचं होतं."

विचारायचं व्हतं. बारा दिवस ही बाई मला चहा देत व्हती. बापाचा राग मी इथं आणून ठेवला व्हता, आणि इथं त्याचा धनी कुणीच नव्हता.

मी दोन वायरी बदलल्या. बिनपट्ट्याची चालू केली. तबकडीला ढलपा लावला तर तो मुकाट टेबलावर दबून बसला आणि कड आरशासारखी निघाली.

"चालते की," शेठ म्हणाले.

"चालते. पट्ट्याला आठ दिवस लागतील."

"दारं सोमवारी लागणार, हनुमंतराव." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ते आत जाऊन पुण्याला फोन करू लागले.

मी पेटी भरली. निघताना मंगलाबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. "ही आता भंगारात जाईल. रखमाजीची आहे, तशीच कशी धाडायची? तुम्ही बारा दिवस हिचं केलंत, तुम्हीच लावा."

मी कधी लावलं नव्हतं. पण बोट बुडवलं, आणि त्या ओतीव बाणावरून नीट फिरवलं, शेपटीपासून टोकापर्यंत.

घरी केशरबाईनं आधी पेटीकडं पाहिलं. मग पाणी दिलं. तांब्या घेताना तिला माझं बोट दिसलं.

"पूजा करून आलात?"

"न्हाई," म्हटलं. "बाण काढला. बारा दिवस उशिरा."

तिनं पेटी उचलली आणि परत माळ्यावर ठेवली.