तो डाग माझा असता तर

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. तारे दाखवणारी नव्हे, गळा दाखवणारी. बॉलपेनच्या रिफिलइतकी बारीक, काळी आणि लवचीक. नाकातून हळूच आत शिरायचं, घशाच्या वळणावर वाकायचं आणि खाली स्वरयंत्राकडे बघायचं, हे माझं काम.

माझ्या पोटात काचेचे हजारो धागे आहेत. प्रत्येक धागा केसाहून बारीक. ज्या कारखान्यात मी जन्मले, तिथे ते एका टोकाला ज्या क्रमाने लावले त्याच क्रमाने दुसऱ्या टोकाला लावले. एक धागा चित्राचा एकच ठिपका आणतो. सगळे मिळून चित्र होतं. धागा तुटला की त्याचा ठिपका काळा पडतो, आणि तो कायमचा.

तिथून मी अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला डॉ. उत्तराकाकूंच्या दवाखान्यात आले. गायकांचे गळे तपासण्यात काकूंचा हातखंडा. ऑपेरात गाणारे, चर्चच्या कोरसमध्ये गाणारे, सगळे त्यांच्याकडे यायचे. धिप्पाड माणसं माझ्यासमोर लहान मुलांसारखी घाबरत. काकू म्हणत, "ई म्हणा," आणि दोन पांढरे स्वरतंतू थरथरू लागत. तुम्हाला गंमत सांगू? मी इतके नामांकित गळे पाहिले, पण गाणं कधी ऐकलं नाही. माझ्या वाट्याला नुसता 'ई'.

वर्षं गेली, माझे काही धागे तुटले. पडद्यावर काळे ठिपके दिसू लागले. मग टोकालाच कॅमेरा असलेली नवी दुर्बीण आली आणि मी कपाटात लटकू लागले. काचेतून सगळं दिसायचं, पण मला कोणी विचारायचं नाही.

हिवाळ्यातल्या एका दुपारी मात्र काकूंनी कपाट उघडलं. नवी दुर्बीण दुरुस्तीला गेली होती आणि समोर खुर्चीत संघमित्रा बसली होती. ही जवळच्याच शॉमबर्ग गावातली मुलगी. कितीतरी वर्षं ती शिकागोच्या एका मोठ्या वाद्यवृंदाच्या कोरसमध्ये मागच्या रांगेत गात होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ती एकल गायिका म्हणून पुढच्या खुर्चीत बसणार होती. शेजारी तिचे बाबा, राजाराम, कोट न काढताच उभे होते.

"काकू, खालचे सूर ठीक आहेत," ती म्हणाली. "वरचा सूर सॉफ्ट लावला की नुसती हवा येते."

"काल काय केलंस?"

"रिहर्सल होती."

"मार्क केलंस ना?"

मार्क करणं म्हणजे रिहर्सलला अर्ध्या आवाजात गाणं. गळा कार्यक्रमासाठी राखायचा असतो. हा नियम नवशिक्यालाही ठाऊक असतो. संघमित्राने मान खाली घातली.

"आई आली होती. आज तिची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी आहे, चेंज झालीच नाही. रिकाम्या हॉलमध्ये ती एकटी बसली होती, काकू. अर्ध्या आवाजात कसं गाणार होते मी?"

"मी म्हटलं होतं, आईला रेकॉर्डिंग दाखवू," राजाराम म्हणाले. "पण आमच्या घरात ऐकून घेण्याची पद्धत नाही. सगळ्यांना गायचंच असतं."

कोणी हसलं नाही. काकूंनी नाकात बधिर करणारं औषध फवारलं आणि मला आत सोडलं.

"ई म्हण."

स्वरतंतू हलले. उजव्याच्या कडेजवळ एक बारीक, गडद ठिपका होता.

"तो डाग तुमच्या दुर्बिणीचा असेल डॉक्टर," राजाराम पडद्याकडे बोट दाखवत घाईने म्हणाले. "जुनी आहे म्हणालात ना? हे बघा, इथे आहेत, इथेही आहेत. तसलाच."

मित्रांनो, माझ्या डागांची मला लाज वाटायची. त्या क्षणी मात्र मी मनापासून म्हटलं, माझा आणखी एक धागा तुटलेला असू दे.

काकूंनी मला सावकाश फिरवलं. "गिळ एकदा."

स्वरयंत्र वर गेलं, खाली आलं. माझे ठिपके पडद्यावर जागच्या जागी राहिले. तो एक मात्र स्वरतंतूबरोबर वर गेला आणि त्याच्याबरोबरच खाली आला.

तो माझा नव्हता.

"रक्त साकळलंय," मला बाहेर काढत काकू म्हणाल्या. "आज गायचं नाही."

"गायले तर?"

"कदाचित काहीच होणार नाही. कदाचित आणखी रक्त येईल आणि तिथे कायमचा व्रण राहील. त्यावर मी पैज लावणार नाही. गळा तुझा आहे."

"डॉक्टर, आमची सगळी मंडळी येताहेत," राजाराम म्हणाले. "अख्खी रांग बुक केलीय. इतकी वर्षं त्यांना ही मागे शोधावी लागायची."

संघमित्रा माझ्याकडेच बघत होती. "ऐनवेळी कॅन्सल केलं की नाव खराब होतं, काकू. पुन्हा बोलावतीलच असं नाही. आणि कव्हर तयार बसलेली असते. मी कव्हर होते ना, कोणी आजारी पडलं तर त्यांच्या जागी गायला. पुढच्या खुर्चीतलं कोणी खोकलं की माझे कान टवकारायचे. मग घरी जाऊन वाईट वाटायचं."

बाहेर बर्फ ढकलणारी गाडी येऊन गेली. मग तिने फोन काढून बाबांच्या हातात दिला.

"बाबा, तुम्ही फोन करा. आणि कव्हरला निरोप द्या, कार्यक्रमात आपली गायची पाळी खूप उशिरा येते. नुसतं बसून गळा थंड पडतो. तोंड मिटून हमिंग करत राहा म्हणावं."

एवढं बोलून तिने ओठ मिटले. राजारामांनी दोनदा घसा खाकरला. "हॅलो. मी संघमित्राचा बाबा बोलतोय," ते इंग्रजीत म्हणाले. "ती आज गाणार नाही. नाही, ती बोलू शकत नाही. म्हणून मी बोलतोय."

त्यानंतर गळ्याला विश्रांती म्हणून संघमित्रा कित्येक दिवस एक शब्द बोलली नाही. बर्फ वितळू लागल्यावर ती आली, तेव्हा बरोबर आई होती, उपासना. नव्या दुर्बिणीने तपासणी झाली. मी कपाटातून पाहिलं. पडद्यावर दोन्ही स्वरतंतू स्वच्छ पांढरे होते.

"वाद्यवृंदवाल्यांचा पुन्हा फोन आला का गं?" काकूंनी विचारलं.

"नाही अजून. चर्चच्या कॉन्सर्टमध्ये एक छोटा सोलो मिळालाय."

"मी सुट्टी टाकलीय," उपासना म्हणाल्या. "रिहर्सलला येणार नाही. कार्यक्रमालाच येईन."

"मग आता गाऊन दाखव," काकू म्हणाल्या. "तो वरचा सूर. हळू."

संघमित्रा उठून उभी राहिली आणि गायली. तो सूर बारीक होता, आणि अजिबात तुटला नाही. मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा मी गाणं ऐकलं.

माझा तुटलेला धागा कधी जुळत नाही. मला कितीही जपून ठेवा, ठिपका काळाच राहतो. तुमचा गळा तसा नाही. वेळेवर थांबलात तर तो स्वतःला सांधतो. म्हणून आवाज बसला की त्याला ओढू नका. आणि दुसरं कोणी गप्प राहिलं, तर ते हरलं असं समजू नका. कदाचित ते गाणं राखून ठेवत असेल.