अखेरच्या साठ्याची किंमत

खोक्याच्या आडव्या बाजूला पेन्सिलीने तीन अक्षरं लिहिलेली होती : न, ग, र. अक्षरं पुसट झाली होती, फक्त 'र' थोडा ठळक होता. लिहिणाऱ्याचा हात तिथे क्षणभर थांबला असावा. बुधवार पेठेतल्या या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात प्रत्येक खोक्यावर अशी अक्षरं होती. प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा, आणि आकडे जुळवले की खरेदीची किंमत. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून रंगरावांच्या वडिलांनी ठरवलेली ही खूण घरात सगळ्यांना पाठ होती, सुनेलासुद्धा.

सून म्हणजे पूर्णिमा. लोणी काळभोरच्या एका कॉलेजात ती अकरावी-बारावीला अकाउंटन्सी शिकवते. आज ती मालाची यादी करायला बसली होती. चार वाजता तिचा नवरा दत्तप्रसाद आणि सासरे रंगराव यादी घेऊन बँकेत जाणार होते. राहता फ्लॅट तारण ठेवून दुकानासाठी कर्ज काढायचं होतं. फ्लॅट रंगरावांच्या नावावर होता, म्हणजे सही त्यांची.

"नगर म्हणजे एकशे ऐंशी," रंगराव म्हणाले. "असे चाळीस नग आहेत. लिही."

पूर्णिमाने पेन टेकवलं नाही. "हे काय आहे, बाबा?"

"पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचा ट्रान्सफॉर्मर. कॉलेजात दाखवत नाहीत वाटतं."

"शेवटचा कधी विकला?"

"हा माल नासत नाही. मार्केट यार्डात टोमॅटो विकत नाही आपण."

"पूर्णिमा, यादी हवीय, लेक्चर नको," दारातून दत्तप्रसाद म्हणाला. त्याने गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"आपण दर दिवाळीला खोक्यावरची किंमत धरून साठा मांडतो," ती हळू आवाजात म्हणाली. "नियम असा आहे, की खरेदीची किंमत आणि आजचा भाव यांत जो कमी तो धरायचा. साठा फुगवला की तेवढाच नफा फुगतो. दुकान कमावतंय असं आपल्याला वाटत राहतं."

"बँकेलाही तसंच वाटतंय," दत्तप्रसाद म्हणाला. "म्हणून तर कर्ज मिळतंय."

"मिळेल. हप्ते कशातून भरायचे? या ट्रान्सफॉर्मरमधून?"

दत्तप्रसादने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. टीव्ही दुरुस्तीवाले एकेक करून उठून गेले तेव्हापासून हा प्रश्न घरात होता. सासूबाई, इंदुबाई, नवऱ्याला दर वर्षी विचारायच्या, दुकानाचं काय करायचं? "दिवाळी होऊ दे," एवढंच रंगराव म्हणायचे. मग दिवाळी होऊन जायची.

"माझा भाव नको, बाबा," पूर्णिमा म्हणाली. "तुमचा सांगा. आत्ता गिऱ्हाईक आलं तर याला काय देईल?"

"आलं तर," रंगराव म्हणाले.

तिने पेन कागदावर टेकवलं. बाहेर कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं.

"दहा," ते म्हणाले. "तेही घासाघीस करून."

तिने दहा लिहिले. त्यांनी स्वतःच पुढचं खोकं खाली घेतलं, अक्षरांकडे न बघता झाकण उघडलं. आत व्हिडिओ प्लेअरचे रबरी पट्टे होते. एक पट्टा त्यांनी हलकेच ताणला, तो तुटला. त्यांनी दोन्ही तुकडे खोक्यात ठेवले.

"याला शून्य लिही. त्याच्या खालच्यालाही."

"बाबा, निघायला हवं," दत्तप्रसाद म्हणाला. "साहेब वाट बघणार नाहीत. हे नंतर करू."

रंगराव शिडीवर चढले आणि वरच्या फळीवरची खोकी एकेक करून खाली देऊ लागले. पूर्णिमा घेत गेली. किंमत तेच सांगत होते आणि आवाज दर वेळी आणखी कोरडा होत होता. मधेच त्यांनी विचारलं, "हे सगळं विकून फ्लॅट सोडवता आला असता का गं?"

"नाही, बाबा."

"बाबा, सही एवढीच राहिलीय," दत्तप्रसाद म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "आता मागे फिरलो तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. येताय ना?"

रंगराव शिडीवरून उतरले. हात धोतराला पुसण्याची सवय पँट घालू लागल्यावरही गेली नव्हती. त्यांनी ते तसेच पुसले.

"मी सही करणार नाही, दत्ता," ते म्हणाले. "आपण दुकान बंद करतोय."