वैद्यबुवांचा निकाल

निजामाच्या मुलखातल्या टेंभुर्णीच्या नरहर वैद्यांना मोठ्या माणसांच्या प्रकृती ओळखायचा नाद होता. वऱ्हाडातून चोरून आणलेलं वर्तमानपत्र हाती आलं, की त्यांच्या ओट्यावर माणसं जमायची. वैद्य पुढाऱ्यांचे फोटो निरखायचे आणि निकाल द्यायचे. हा वाताचा, बोलेल फार, टिकणार नाही. तो पित्ताचा, तापट, पण कामाचा. नाडी न धरता सांगतात, म्हणून लोकांना कौतुक.

एकदा गावच्याच रामरावांचा फोटो छापून आला. निजामाच्या तुरुंगात त्यांनी मार खाल्ला, पण तोंडातून वावगा शब्द काढला नाही, असं खाली लिहिलं होतं. वैद्यांनी फोटो दूर धरून पाहिला.

"कफ. थंड डोह आहे हा माणूस," ते म्हणाले.

रामरावांची बायको सगुणाबाई तेव्हा आत ताराबाईंना, म्हणजे वैद्यांच्या बायकोला, शेवया करू लागत होती. तिनं ऐकलं आणि मान खाली घातली. ताराबाईंना वाटलं, लाजली.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. रामराव सुटून आले. वेशीपासून मिरवणूक निघाली. मारुतीच्या पारावर वैद्यांनी भाषणात तोच निकाल पुन्हा सांगितला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी सगुणाबाई उजवा हात पदरात धरून वैद्यांकडे आली. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. कसं झालं म्हणून विचारल्यावर तिनं सरळ सांगितलं. चहा द्यायला उशीर झाला. पाहुणे असेपर्यंत मालक हसून बोलत होते, ते गेल्यावर त्यांनी हात पिरगाळला. तुरुंगात जायच्या आधीही असंच चालायचं.

"तुमचं चुकलं, वैद्यबुवा," ती म्हणाली. "पित्त हाये ते. म्या जवळून पाह्यलं."

सूज उतरली की हाड बसवावं लागेल, असं म्हणत वैद्य पट्टी गुंडाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "गावाला एकच मोठा माणूस लाभलाय, सगुणाबाई. विहिरीवर पाय घसरला म्हणा."

"मंग माझी प्रकृती कंची, तेबी सांगा."

वैद्यांनी पट्टीची गाठ मारली आणि हात धुवायला उठले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी रामराव स्वतः ओट्यावर येऊन बसले. कडूबा पाटलांनी वैद्यांना छेडलं, आता तर माणूस समोरच आहे, निकाल बदलायचा का? बाहेर सगळे हसले. सगुणाबाईचं त्या दुपारचं बोलणं आतून ऐकलेल्या ताराबाई हातातलं काम थांबवून ऐकत होत्या.

"कशाला? बराबरच होता," वैद्य म्हणाले. रामरावांनी नम्रपणे हात जोडले.

ताराबाई त्यानंतर नवऱ्याशी कामापुरतंच बोलत. सगुणाबाईची पट्टी बदलायला त्याच जायच्या. वैद्य गेले असते तर लोकांनी कारण विचारलं असतं, आणि विहिरीचं कारण सगुणाबाई सांगणार नव्हती. ताराबाईंना तेल लावता यायचं, हाड बसवता येत नव्हतं. मनगट वाकडंच जुळलं. सगुणाबाई डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली. भाकरी जाड व्हायच्या, आणि रामरावांना जाड भाकर आवडत नसे.