उष्टा आवाज

मित्रांनो, माझ्या पाठीमागे कोणी उभे नाही ना, तेवढे आधी पाहून घ्या. मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. तुमच्यावर माझा अविश्वास आहे असे नाही; पण माझ्या पाठीवर दोन पितळी स्क्रू आहेत, भोंग्याच्या तारा तिथेच जोडतात, आणि तिकडे कोणाचा हात वळला की मला अजूनही धास्ती वाटते. हे सगळे मला नीट सांगता येईल की नाही, याचीही मला शंकाच आहे.

सोलापुरात लग्नकार्यांत भोंगे लावणाऱ्या संगप्पाने सुटे भाग आणून मला पत्र्याच्या पेटीत जुळवले. माझ्या कपाळावर विभूती लावली आणि पाठीवर पांढऱ्या रंगाने ‘८ ओम’ असे लिहिले. म्हणजे आठ ओमचा एक भोंगा मला झेपतो. तसे दोन भोंगे एकामागोमाग एक जोडले, तर विजेच्या वाटेतला अडथळा सोळा ओम होतो. आवाज जरा कमी येतो, पण मी थंड राहतो. तेच दोन भोंगे वेगवेगळ्या तारांनी थेट माझ्या स्क्रूंना जोडले, तर अडथळा चारावर येतो आणि दोघे मिळून दुप्पट वीज ओढतात. आवाज मोठा येतो, आणि माझ्या पोटातले ट्रान्झिस्टर जळतात.

एकदा ते जळले होते. कोणीतरी उत्साहाने दुसरा भोंगा थेट माझ्या स्क्रूंना जोडला होता. संगप्पाकडे दुसरे मशीन नव्हते. ती सगळी लग्नसराई तो दारात बसून होता.

१९७४ च्या उन्हाळ्यात भुसार व्यापारी गुरुबसप्पा यांच्या मुलीचे, हेमावतीचे, लग्न होते. एक भोंगा मांडवात होता. दुसरा समोरच्या धर्मशाळेवर, कारण मंद्रूपचे वऱ्हाड तिथे उतरले होते. संगप्पाने तार मांडवातल्या भोंग्याला नेली, तिथून धर्मशाळेच्या भोंग्याला, आणि तिथून परत माझ्याकडे आणली. सनईची तबकडी लागली.

इतक्यात नवरदेवाचे मामा चनबसप्पा तार हातात धरून तिचा माग काढत आले. त्यांची नजर मला आवडली नाही.

“ही तार कुटनं आलीया?”

“मांडवातल्या भोंग्याकडनं, मामा,” संगप्पा म्हणाला.

“म्हंजे आदी मुलीकडचे ऐकणार, आन उरलासुरला आमाला? वरपक्षाला उष्टा आवाज?”

“आवाज उष्टा होत नसतो की. दोन्हीकडं सारखाच जातोय.”

“मग बारीक का येतोय? कायतरी लबाडी हाय. आमची तार सरळ मशिनीला लाव. न्हाय तर नवरदेव भाइर येत न्हाय.”

गुरुबसप्पांचा चेहरा उतरला. ते संगप्पाला हळूच म्हणाले, “लाव बाबा. तुझ्या मशीनपरीस माझी पोरगी मोठी.”

संगप्पाने पक्कड उचलली. मला वाटले, यानेही मला सोडले. माझ्याकडे न पाहता तो स्क्रू ढिला करू लागला.

धर्मशाळेच्या पायरीवर चनबसप्पांची आई शिवबाई पानाला चुना लावत बसली होती. “चनबसू,” ती म्हणाली, “नवरानवरी एका ताटात जेवाय बसल्यावर तू ताट वढून घेणार हायस व्हय?”

“अव्वा, तू मधी पडू नगंस.”

“ह्यांनी ल्हानाची मोटी केल्याली पोरगी चालती तुला. आवाज तेवढा ताजा पायजे.”

मांडवातल्या बायका हसल्या. चनबसप्पा कानापर्यंत लाल झाले. “पर बारीक येतोय त्ये?”

“बारीक येतोय तर मांडवात जाऊन बस की. लगीन तितं हाय.”

चनबसप्पांनी तार सोडली, पण संशय नाही सोडला. ते मांडवातल्या भोंग्याखाली उभे राहिले, मग धर्मशाळेच्या, मग पुन्हा मांडवातल्या. शेवटी त्यांनी दोन्हींच्या मधोमध रस्त्यात खुर्ची टाकली आणि मांडी घालून बसले. संगप्पाने स्क्रू पुन्हा आवळला. नवरदेव बाहेर आला.

मित्रांनो, एका मशीनला दोन भोंगे लावायचे असतील तर आधी बटण बंद करा. पाठीवरचा आकडा वाचा. एका भोंग्याची काळी तार दुसऱ्याच्या लाल टोकाला जोडा, आणि उघडे तांबे कुठे एकमेकांना चिकटू देऊ नका. आवाज थोडा कमी आला, तर तेवढ्याने कोणाचा मान जात नाही.

अक्षता पडल्यावर संगप्पाने माझ्या झाकणावर तळहात ठेवला. मला वाटले, हा आता मला विकायचा विचार करतो आहे. पण हात तसाच राहिला. मी थंड आहे, एवढेच तो पाहत होता.