गीत : पारंपरिक

मिस्बाह म्हणाली, "काका, नेमकं कुठे होतं ते तुम्हीच दाखवा," आणि मी फुशारलो. खोटं कशाला बोलू? सत्याण्णव साल होतं, रिटायर होऊन मला वर्ष झालं होतं आणि घरात माझं कोणी ऐकत नव्हतं. ही रायगडकडची मुलगी बेलापूरच्या एका साप्ताहिकात काम करायची. दिवाळे गावातलं खाडीकाठचं रंगमंदिर आदल्या वर्षी रस्त्यासाठी पाडलं, त्यावर तिला लिहायचं होतं. मी पडलो तिथल्या ऑर्केस्ट्राचा संगीतकार नंदकुमार. इस्त्रीचा झब्बा घालून गेलो.

जागेवर काय होतं? मुरूम टाकलेलं मोकळं मैदान, आणि कडेला स्टेजचं जोतं तेवढं उरलेलं. त्यावर कोळणींनी सुकट वाळत घातली होती. मी हातवारे करत सुटलो. "इथे माईक, इथे काँगो, तिकडे पत्र्याची मेकअप रूम. लोक मुंबईहून लाँचने यायचे. आमच्या कॅसेटवरचं ते कोळीगीत इथलंच. पुढे एक वरात त्या गाण्याशिवाय निघाली नाही." मिस्बाह भराभर लिहून घेत होती.

"मास्तर!"

सुकट चाळणारी एक बाई उठून उभी राहिली. जयमाला. ते गाणं तिचं. शब्द तिचे, चालही तिचीच. नवऱ्याची होडी दोन दिवस परतली नाही तेव्हा धक्क्यावर बसून तिने ते जुळवलं, आणि होडी आल्यावर याच स्टेजवर पहिल्यांदा गायली. मी त्याला फक्त ढोलकी आणि अॅकॉर्डियन जोडलं. चौऱ्याऐंशीत कॅसेट निघाली, गायला मुंबईची गायिका आणली. कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं, "गीतकार कोण टाकू?" आता हिला गाठा, समजावा, कागदावर अंगठा घ्या, कोण करणार उठाठेव? आणि खरं सांगायचं तर कव्हरवर एकच नाव उठून दिसलं असतं. मी म्हटलं, "गीत पारंपरिक टाका. संगीत नंदकुमार."

त्यानंतर तेरा वर्षं मी दिवाळ्यात मासळी घ्यायला आलो नाही. बायकोला सांगायचो, तिथली ताजी नसते.

मला वाटलं, आता ही चारचौघांत माझी शोभा करणार. पण ती हसली.

"बरं झालं आलात. ही माजी नात, सातवीला हाय. शाळेच्या गॅदरिंगला माजंच गानं बसवलंय. ही बोलली, माज्या आजीनं केलंय. तर बाईंनी कॅसेट दाखवली. म्हनं, पारंपरिक हाय, कोनी एकानं केलेलं नसतं. सगळी पोरं हसली हिला. आता मलाच खोटारडी बोलते. तुमी सांगा मास्तर. तुमचा शब्द ऐकंल ती."

नात बाजूला नखं कुरतडत उभी होती. मिस्बाहचं पेन थांबलं होतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. पण ते शनिवारी छापून आलं असतं आणि सगळ्या सोसायटीने वाचलं असतं.

"त्याचं काय आहे," मी म्हणालो, "अशी गाणी सगळ्यांचीच असतात. एकाचं नाव नाही घेता येत."

"बगितलंस?" नात आजीला म्हणाली.

जयमाला माझ्याकडे बघत राहिली. मग नातीला म्हणाली, "तसंच असंल. म्हातारी झाले मी. ऐकलेलं आपलंच वाटतं मानसाला." पाप माझं, आणि मान तिने खाली घातली.

मी आणि मिस्बाह रिक्षाने निघालो. बेलापूरच्या सिग्नलला तिने विचारलं, "काका, गाणं त्यांचंच ना?" मी हो म्हटलं. ती तडकली असती तर बरं वाटलं असतं. तिने वही पर्समध्ये ठेवली आणि बाहेर बघायला लागली. माझ्या मुलीच्या वयाची ती, आणि तिच्या शेजारी बसायची मला लाज वाटत होती. मी रिक्षा मागे घ्यायला सांगितली.

दोघी सुकट टोपलीत भरत होत्या. मी नातीसमोर जाऊन उभा राहिलो.

"ऐक बाळ. मघाशी मी खोटं बोललो. गाणं तुझ्या आजीचंच आहे. शब्द, चाल, सगळं. कॅसेटवर पारंपरिक मीच लिहायला लावलं. तुझ्या बाईंनाही येऊन सांगतो."

जयमालाचे हात थांबले. पोरीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या माणसासारखी समजुतीने मान हलवली.

"आजीला वाईट वाटू नये म्हनून बोलता ना?" ती हळूच म्हणाली. "तुमी लय चांगले, आजोबा."