एकोणीस घरांचा एक पंखा

गणनेवाले साहेब सकाळी साडेआठला मोटारसायकलवरून गावात उतरले, तेव्हा शिंपीणबाईला आठवा महिना होता आणि गावाला चौतीस गुण होते.

गुण सुबत्तेचे. डोंगरापलीकडचा भाग श्रीमंत आणि अलीकडचा गरीब, हा फरक मिटवायचा असं सरकारने ठरवलं होतं. चाळीसच्या खालच्या गावात दर मंगळवारी नर्सबाईंची गाडी येई. चाळीस ओलांडणाऱ्या गावाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं आणि त्याच पायांनी सत्तावीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात जायचं होतं. शिंपीणबाईचं पहिलं बाळंतपण सिमेंटच्या ट्रकमध्ये, पोत्यांवर झालं होतं. हे दुसरं तिला नर्सबाईंच्याच हातून हवं होतं.

तरी घोळ घातला तिनेच.

"सरकारी माणूस येतोय आणि त्याला जमिनीवर बसवायचं? लाज जाईल गावाची!"

तिच्या दुकानात चार खुर्च्या, कापड बेतायचं टेबल आणि उभा पंखा होता. साहेब एका घरातून उठले, की तिचा दीर आणि सुतार हे सगळं मागच्या गल्लीतून पुढच्या घरात पोचवत. अकराव्या घरात पंख्याची वायर अजून दिराच्या खांद्यावर होती आणि पाती मात्र गरगरत होती.

"वारा चांगलाय तुमच्याकडे," साहेब म्हणाले आणि फोटो काढला.

एकोणीस घरं संपली. शेवटच्या घरात, म्हणजे शिंपीणबाईच्याच दुकानात, साहेबांनी टॅबवर बेरीज पाहिली आणि उठून उभे राहिले.

"अभिनंदन! बावन्न गुण. घरटी चार खुर्च्या, टेबल, पंखा. गाव गरिबीतून बाहेर आलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिराने तर शिट्टी मारली.

"आणि मंगळवारची गाडी?" शिंपीणबाईने विचारलं.

"ती गरिबांसाठी असते, ताई."

टाळ्या थांबल्या. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "घे! आणखी गालिचा अंथरायचा होतास."

शिंपीणबाईने सगळं सांगून टाकलं. साहेबांनी एकोणीस फोटो एकेक करून पाहिले. सातव्यात एक खुर्ची खिडकीतून आत येत होती.

"मला वाटलं, तुमच्याकडे सगळ्यांची आवड एक," ते हळूच म्हणाले.

"मग पुसा की!" दीर म्हणाला.

"भरलेलं घर पुसता येत नाही. फेरतपासणी मागा, सहा महिन्यांत होते."

"हे थांबणारे का सहा महिने?" सासूबाईंनी सुनेच्या पोटाकडे बोट दाखवलं. "सांगा त्याला तुम्हीच, सरकारी भाषेत."

साहेब ओशाळले. वरच्यांनी सातवा फोटो पाहिला असता, तर त्यांचीही धडगत नव्हती. ते टॅबवर बोट सरकवत राहिले. शेवटच्या पानावर थांबले.

"एक रकाना आहे. सामायिक मालमत्ता. जी वस्तू सगळ्या गावाची, ती कुणाच्याच घरात धरत नाहीत."

"मग लिहा. सगळ्या गावाने वापरलीच आहे."

"नुसतं लिहून चालत नाही. मालकाने गावाला द्यावी लागते, सहीनिशी. सामान पंचायतीच्या खोलीत, कुलपात. परत घेता येत नाही."

शिंपीणबाईने टेबलाकडे पाहिलं. त्याच्या कडेला तिने स्वतः ब्लेडने मापाच्या खुणा कोरल्या होत्या. बारा वर्षांचं काम त्यावर झालं होतं.

"टेबल राहू द्या. बाकीचं न्या," ती म्हणाली.

साहेबांनी आकडेमोड केली. "एक्केचाळीस."

"काय मेलं नशीब!" ती म्हणाली आणि टॅबवर बोटाने सही केली. सही वाकडी आली. साहेबांना चालली.

नवी बेरीज तेहतीस झाली, आधीपेक्षा एक कमी. दुकानात आता बसायलाही काही नव्हतं.

"प्रगती आहे," सुतार म्हणाला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मंगळवारी गाडी आली. नर्सबाई दारातून आत आल्या, तेव्हा शिंपीणबाई भुईवर कापड पसरून, पोट सावरत, कात्री चालवत होती. नर्सबाईंनी रक्तदाब मोजला, तोंड वाकडं केलं आणि कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं: जमिनीवर वाकून काम करू नये. टेबल वापरावे.

"वापरेन हं," शिंपीणबाई म्हणाली. "पुढच्या मंगळवारी येताय ना, तेवढं सांगा."